पान दोनशे एकोणीस

१

लांबलचक फाइल हातात आली की ऋजुता सबनीस आधी त्यातलं काहीच वाचत नसे. देवासच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून गेली अकरा वर्षं ती लोकांचे प्रबंध, संस्थांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका छपाईसाठी लावून देत होती, आणि मजकुरात शिरलं की दिवस हातचा जातो हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती आधी सेक्शन मोजायची.

सेक्शन म्हणजे फाइलीतलं एकेक वेगळं घर. पानाच्या वरच्या कडेला त्याचं नाव येतं, ते हेडर. नवा सेक्शन पाडला की वर्ड आपल्या मनानेच आधीच्या सेक्शनचं नाव त्याला चिकटवतो. मग प्रत्येक सेक्शनमध्ये जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' हे बटण बंद करायचं, मागच्याशी असलेला सांधा तोडायचा आणि नवं नाव टाकायचं. काम अवघड नव्हतं, नुसतं कंटाळवाणं होतं. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, आणि दुपारी चारच्या सुमारास तिला वाटायचं की आपण जन्मभर दुसऱ्यांच्या दारांवर पाट्या लावत आलो आहोत.

मेच्या पहिल्या आठवड्यात आलेली फाइल भोइट्यांच्या कुलवृत्तांताची होती. धारचे जयसिंगराव भोइटे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. एक्याऐंशी वर्षांच्या या गृहस्थांनी चाळीस वर्षं घरोघर फिरून माहिती जमवली होती, आणि त्यांच्या नातीने, राजनंदिनीने, ती टाइप केली होती. चारशे बारा पानं, अडतीस मूळ घरं, घरटी एक सेक्शन. धारची घरं, देवासची, सोनकच्छचं एक, गंधवानीचं एक, धरणात गाव बुडाल्यावर निसरपुरहून नव्या वस्तीत गेलेलं एक. महिनाअखेर धारला घराण्याचं संमेलन होतं आणि त्याआधी या घरांतून फुटलेल्या कुटुंबांत तीनशे प्रती पोचायच्या होत्या.

कूलर घरघरत होता. आतल्या खोलीत तिची दहा वर्षांची चिऊ सुट्टीचा गृहपाठ म्हणून नकाशा रंगवत होती. ऋजुताने सेक्शन मोजले.

एकोणचाळीस निघाले.

२

जास्तीचा सेक्शन तिला लगेच सापडला. सोनकच्छचं घर संपलं की गंधवानीच्या घराआधी एक कोरं पान होतं, पान दोनशे एकोणीस. वर हेडरमध्ये एकच शब्द होता: पार्वती. आडनाव नाही, गाव नाही.

टाइप करताना पोरीच्या हातून राहिलं असेल, असं म्हणत ऋजुताने पानाखालचा सेक्शन ब्रेक, म्हणजे दोन घरांमधली रेघ, पुसला. ब्रेक पुसला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनचं नाव घेतो, हा वर्डचा नियम आहे. म्हणजे कोरं पान गंधवानीच्या घरात जिरायला हवं होतं. तसं झालं नाही. गंधवानीच्या चारही पानांवर 'पार्वती' आलं.

तिने ते परत फिरवलं. मग वरच्या बाजूचा ब्रेक पुसून पाहिला, तर सोनकच्छच्या संताजी भोइट्यांच्या सहा पानांवर 'पार्वती' आलं. निदान हे नियमाला धरून होतं. तिने तेही परत फिरवलं. शेवटी तिने जुना, खात्रीचा उपाय केला: नवी कोरी फाइल उघडली आणि एकेक घर उचलून तिच्यात नेलं, अडतीसच्या अडतीस. या सगळ्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून झाल्यावर तिने नवी फाइल उघडली. एकोणचाळीस सेक्शन होते. कोरं पान आपल्या जागी होतं.

ऋजुता घाबरली नाही. ती वैतागली. मशीनचं काहीतरी बिघडलंय, असं तिने अनीशला, नवऱ्याला, सांगितलं. कारखान्याच्या बसला उशीर होत होता म्हणून तो बूट घालता घालताच म्हणाला, "अगं, मग कोरं पान कोरं राहू दे की. कोणाचं काय अडलंय?"

तिलाही ते पटत होतं. सवयीने तिने ते पान निवडलं आणि खालच्या पट्टीत शब्दसंख्या पाहिली. शून्य असायला हवी होती. दोनशे बारा होती.

तिने अक्षरांचा रंग काळा केला, आकार वाढवला, पान दोनशे टक्के मोठं करून पाहिलं. पांढरं पान पांढरंच राहिलं. दुपारी पुन्हा पाहिलं तेव्हा शब्द दोनशे चाळीस झाले होते.

३

तिने धारला फोन लावला. जयसिंगराव जुन्या वळणाचं, सावकाश मराठी बोलत.

"काका, एक विचारायचं होतं. सोनकच्छच्या घरानंतर पार्वती नावाचं एक पान येतंय. ते कोणाचं?"

"आमच्यात पार्वती तिघी होऊन गेल्या," ते म्हणाले. "तिघींची नावं आपापल्या घरांत आहेत. ही त्यांतली नव्हे."

"मग काढून टाकू ना?"

"निघालं का?"

ऋजुताची नजर स्क्रीनवरच्या त्या पानाकडे गेली.

"राहू द्या तसंच," म्हातारा थकलेल्या आवाजात म्हणाला. "कोरंच आहे ना? आपणांस त्यावर काही दिसत तर नाही?"

"नाही."

"मग झालं तर. पान आहे तिथे राहू द्या आणि छापायला पाठवा. एवढी मेहरबानी करा, बाई."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हस्तलिखितातली चूक कोणी दाखवली की लोक आधी विचारतात, कुठे, कशी. यांनी पान क्रमांकसुद्धा विचारला नव्हता.

४

चिऊची शाळा हिंदी-इंग्रजीची होती. मराठी ती घरात बोलायची, पण वाचायला दिलं की अडखळायची. 'ळ' आला की थांबायची, जोडाक्षर आलं की आईकडे बघायची. आजीची पत्रं ऋजुतालाच वाचून दाखवावी लागत.

त्या दिवशी दुपारी ऋजुता स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बाहेरच्या खोलीतून चिऊचा वाचण्याचा आवाज येत होता. आधी तिचं लक्ष नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं की पोर कुठेच अडत नाहीये.

"ओटीवरून आंत येतां डावे हातीं स्वयंपाकघर. तेथें कोणी नाहीं. पुढें माजघर. तेथें एक निजली आहे, तिला उठवूं नये. माजघरास लागून खोली. दार लोटलेलें. आंत दोघें बसलीं आहेत, तीं बोलत नाहींत. त्यापुढें आणिक एक खोली..."

आवाज चिऊचाच होता. सूर मात्र एखाद्या पिकल्या केसांच्या बाईचा, भाज्या निवडता निवडता सांगावं तसा. ऋजुता गाळणी हातात घेऊनच बाहेर आली. चिऊ टेबलाशी उभी होती, बोट स्क्रीनवर. स्क्रीनवर पान दोनशे एकोणीस होतं. पांढरं.

"काय वाचतेस?"

"हे." चिऊने बोट न उचलता सांगितलं. "इथपर्यंतच आहे. बाकी अभी लिखा नहीं है."

"मला तर काही दिसत नाही, चिऊ."

पोरीने आईकडे पाहिलं. आई थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं, कारण ती हसली. "कितनी खोलियाँ हैं इस घर में, आई? संपतच नाहीत."

ऋजुताने लॅपटॉप मिटला. पोरीला सीरियलमधलं, आजीच्या गोष्टींतलं काहीतरी आठवत असेल, मुलं असली नक्कल करतात, असं तिने मनाशी घोळवलं. ते तिला अर्धंमुर्धं पटलंही. पण रात्रीचा स्वयंपाक करताना तिने आपल्या घराच्या खोल्या मोजल्या. दोन आणि स्वयंपाकघर. तिने पुन्हा मोजल्या. मोजायची गरज नसलेली गोष्ट आपण दोनदा मोजली, हेच तिला जास्त लागलं.

पुढचे तीन दिवस लॅपटॉप बंदच होता. चौथ्या दिवशी सकाळी चिऊ दात घासता घासता तेच म्हणत होती. आता सातवी खोली आली होती.

५

चिऊला खालच्या मजल्यावरच्या उमाबाईंकडे सोडून ऋजुता धारला निघाली. इंदूरला बस बदलली, खिडकीतून गरम वारा खाल्ला आणि अकराच्या सुमारास जयसिंगरावांच्या दारात पोचली. नव्या कॉलनीतलं साधं सिमेंटचं घर होतं: पुढे बैठकीची खोली, एका कडेला स्वयंपाकघर, समोर एक आतली खोली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, वीतभर फट राहिली होती.

जयसिंगराव त्या आतल्या दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. फोनवरच्या आवाजापेक्षा माणूस फारच लहान निघाला.

"माझ्या मुलीला ते दिसतंय," ऋजुताने बसण्याआधीच सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. "मला वाटलं, आपण आमच्यातल्या नव्हेत. आपणांस लागणार नाही."

"म्हणून माझ्याकडे पाठवलंत?"

"होय," ते म्हणाले. त्यांनी सारवासारव केली नाही. "आधी ते माझ्या वहीत होतं. मी टिपणं काढीत असे, त्यांत एक पान कोरं राही. फाडलं तर दुसरं राही. मला त्यावर कधीच काही दिसलं नाही. आमच्या मंडळींना दिसे, भवानीबाईंना. सहा वर्षं त्या रोज मला वाचून दाखवीत. रोज एक खोली. प्रथम मी रागावलो, डॉक्टर केले. पुढे..." त्यांनी हात खुर्चीवर टेकले. "पुढे मीच विचारू लागलो, आज कोणती."

"आणि शेवटी?"

"एके सकाळी म्हणाल्या, आता एकच राहिली. दुपारी गेल्या."

ऋजुताची नजर फटीकडे गेली. आतल्या खोलीत कोणीतरी जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. पाठ दिसत होती, फिकट साडी आणि पाठीवरून फरशीपर्यंत आलेली वेणी. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होतं, ओळ वाचताना वळतं तसं, आणि पुन्हा डावीकडे येत होतं. राजनंदिनी असेल, फाइल तपासत असेल, असं ऋजुताला वाटलं.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"छापा. तीनशे घरांत जाऊ द्या. एका घरात सगळं मावत नाही, बाई. वाटलं गेलं तर कोणाच्या वाट्याला एखादी ओळ येईल, कोणाच्या तीही नाही. एखादी ओळ माणूस सोसतो."

"त्यांना न सांगता?"

"मी चाळीस वर्षं धरून बसलो. आता हात दुखतात."

तेवढ्यात बाहेरचं फाटक वाजलं. दुधाच्या पिशव्या हातात घेऊन एक पंचविशीची मुलगी आत आली. केस आखूड कापलेले. "नमस्ते आंटी, मैं राजनंदिनी," ती म्हणाली. "आजोबा, यांना पाणी पण नाही विचारलं?"

ऋजुताने फटीकडे पुन्हा पाहिलं नाही. जयसिंगरावही पाहत नव्हते. त्यांची खुर्ची तशीच मांडलेली होती आणि जमिनीवर खुर्चीच्या पायांचे जुने वण पडले होते. ते रोज तिथेच, त्याच बाजूला पाठ करून बसत असणार. पाण्याचा पेला तिने उभ्यानेच संपवला.

६

परतीच्या बसमध्ये ती फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होती. फाइल पुसून टाकली तर? पण पार्वती वहीतून फाइलीत आली होती, फाइलीतून चिऊच्या तोंडी आली होती. पुसायला आता फाइल उरलीच कुठे होती? आणि तीनशे घरं. त्यांत म्हातारी माणसं असतील, बाळंतिणी असतील. तिने त्या अडतीस सेक्शनांतली नावं निदान तीनदा तरी तपासली होती. राजवीर, यशराज, गंधवानीच्या तुकोजीरावांच्या जुळ्या नाती. जन्मतारखा तिला तोंडपाठ झाल्या होत्या.

ती घरी पोचली तेव्हा उमाबाई दारातच उभ्या होत्या. "जेवली नाही हो पोर. काहीतरी म्हणत बसलीय दुपारपासून. किती गोड म्हणते, पण थांबतच नाही."

चिऊचे ओठ सुकले होते. ती ऋजुताच्या कुशीत शिरली आणि त्याच सावकाश सुरात म्हणाली, "त्यापुढें बाविसावी."

ऋजुताने तिला पाणी पाजलं, झोपवलं आणि लॅपटॉप उघडला. हेडर एकदा तपासले. प्रत्येक घरावर त्याचं नाव होतं, प्रत्येक सांधा तुटलेला होता. तिने फाइलीची पीडीएफ केली आणि इंदूरच्या प्रेसला पाठवून दिली. जाऊ दे, असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण इतका थकवा आला होता की वाईट वाटणं उद्यावर ढकलावं लागलं.

प्रेसवाल्याचा फोन आला. "मैडम, दो सौ उन्नीस कोरा है, उड़ा दूँ?"

"नाही भिया, राहू द्या," ती इंदुरी ढंगात म्हणाली. "छापा तसंच."

ज्या दिवशी छपाई झाली त्या दिवशी चिऊने सकाळी उठून पोहे मागितले. आजीचं पत्र वाचायला दिलं तर ती 'कळव' या शब्दावर अडली. ऋजुता न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

७

पहिला फोन सोनकच्छहून आला, संताजींच्या सुनेचा.

"ताई, ते पुस्तक तुम्हीच लावलं ना? त्यात एक पान अर्धंच आहे. आमच्या सासूबाईंनी वाचलं. कोठीची खोली येते आणि संपतं. पुढचं कोणाकडे आहे?"

"छपाईत चूक झाली असेल," ऋजुता म्हणाली. "लक्ष देऊ नका."

"नाही, चूक नाही. गंधवानीवाल्यांकडे पुढची आहे म्हणे. मी फोन केला होता त्यांना." बाई अगदी सहज बोलत होती, जत्रेला कोण कोण येतंय ते विचारावं तशी. "फक्त त्यानंतरची कोणाकडे, ते कळत नाही."

त्या आठवड्यात असे अकरा फोन आले. मग ऋजुताने अनोळखी नंबर उचलणं सोडून दिलं. तिची स्वतःची प्रत कुरियरने आली होती. तो लिफाफा तिने न उघडताच कपाटावर टाकला.

संमेलनाच्या रविवारी दुपारी राजनंदिनीचा फोन आला. हा तिने उचलला.

"आंटी, हॉलमध्ये सगळे आलेत," पोरीचा आवाज खालच्या पट्टीत होता. "जेवण तसंच पडलंय. सबने अपना-अपना पन्ना निकाल लिया है. जमिनीवर लावतायत, क्रमाने. आजोबा सांगतायत की नका लावू, त्यांचं कोणी ऐकत नाही."

"तू घरी जा, राजनंदिनी. आजोबांना घेऊन जा."

"मी पण लावलं, आंटी. दोनशे नव्व्याण्णव झालेत. शेवटची खोली नाहीये. प्रेसवाल्यांनी सांगितलं, एक प्रत तुमच्याकडे पाठवली होती."

ऋजुताने कपाटावर पाहिलं. तिथे लिफाफा नव्हता. चिऊ बाल्कनीच्या दारात पाय पसरून बसली होती, मांडीवर जाडजूड पुस्तक उघडं होतं आणि तिच्या कपाळाला आठी होती.

"आई, हे कोरं का आहे?" चिऊने विचारलं.

ऋजुताने जवळ जाऊन पुस्तक उचललं. पान दोनशे एकोणीस. वरच्या कडेला नाव होतं, आणि खाली, काळ्या शाईत, सुबक अक्षरांत चार ओळी होत्या. चष्मा टेबलावर राहिल्यामुळे तिला त्या धूसर दिसत होत्या. पण होत्या.

"मी फाडून टाकते," ती फोनमध्ये म्हणाली.

"नको ना, आंटी. वाचून दाखवा, मी स्पीकरवर ठेवते. नाहीतर हे लोक तिकडे येतो म्हणतायत. गाड्या आहेत. देवास काय, दोन-अडीच तास."

फोनमधून हॉलचा आवाज येत होता. आधी पायांची, सतरंज्यांची, भांड्यांची खुडबुड होती. मग ती थांबली. एवढी माणसं एका जागी असून कोणी खोकलंसुद्धा नाही.

"चिऊ," ऋजुता म्हणाली, "उमाबाईंकडे जा खाली. आत्ता. चपला नको घालूस, जा."

चिऊची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत ती थांबली. खाली उमाबाईंचं दार उघडलं, बंद झालं. ऋजुता बाल्कनीकडे पाठ करून खुर्चीत बसली आणि तिने चष्मा लावला.